लिमये मॅडमची काळी पावडर

लिमये मॅडमवर मी लिहिणं हा आगाऊपणाच आहे. मी त्यांच्याकडे जेमतेम दोन वर्षं होतो, आणि त्या मला आवडत होत्या असंही नाही. शोकसभेत मोठमोठी माणसं त्यांच्या मायाळूपणाबद्दल बोलत होती, तेव्हा मागच्या रांगेत मी खाली बघत बसलो होतो... तो मायाळूपणा मला कधी भेटला नाही. पण एक गोष्ट माझ्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही, म्हणून लिहितो. चुकलं तर माफ करा.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. वडील घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन आहेत. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी पहिल्यांदा प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा मॅडमनी कुठून येतोस विचारलं, मी बाळकुम म्हणालो, आणि तेच माझं नाव होऊन बसलं. "ए बाळकुम, हात धुतलेस का?" काही चुकलं की त्या ओरडत नसत. फ्लास्क उचलून सरळ बेसिनमध्ये ओतत आणि पुढच्या टेबलाकडे जात. एकदा माझी महिनाभराची मेहनत अशी गेली. वर म्हणाल्या, "वडिलांना विचार, गेटवर अजून एक जागा आहे का." सगळे हसले. मीही हसलो, त्याचंच मला जास्त लागलं. प्रत्येक आकडा तीनदा काढायचा, हा त्यांचा नियम होता. एकदाच काढलेल्या उत्तराकडे त्या बघतही नसत.

उसाच्या चिपाडात एक साखर दडलेली असते, आपण खात नाही अशी. तिच्यापासून फरफ्युरल नावाचं रसायन बनवता येतं. त्याला बदामासारखा वास येतो, आणि ते रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ, बनवायला लागतं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी सल्फ्युरिक आम्ल ओततात, आणि नंतर ते आम्ल सांडपाण्यात उरतं. मॅडम मानपाड्याला राहत, कारखान्यांच्या सांडपाण्याने बदलणारे नाल्याचे रंग बघत. बरीच वर्षं खपून त्यांनी चिपाडाच्याच कोळशापासून एक काळी पावडर तयार केली होती. आम्लाचं काम ती करायची, आणि काम झालं की गाळून पुन्हा वापरता यायची. ती भाजायच्या भट्टीला त्या कुणाला हात लावू देत नसत. पूर्ण खात्री झाल्याशिवाय त्या काही छापतही नसत. मानपाड्यातलाच एक छोटा कारखाना ती वापरून बघायला तयार झाला होता. फक्त एक तपासणी बाकी होती, ती माझ्याकडे आली.

पावडरीत पक्कं बसवलेलं आम्ल सुटून पाण्यात उतरत असेल, तर सगळं फुकट, कारण मग ते साधं आम्ल ओतल्यासारखंच झालं. म्हणून क्रिया अर्ध्यावर आली की गरम असतानाच गाळायचं, पावडर बाजूला काढायची आणि खालचं पाणी तसंच तापवत ठेवायचं. फरफ्युरल वाढायचं थांबलं तर पावडर खरी, वाढत राहिलं तर खोटी. माझ्याकडे ते वाढत राहिलं.

मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. मी त्यांना आधी एकट्यांना सांगायला हवं होतं. तसं न करता मी तो आलेख विभागाच्या बैठकीत सगळ्यांसमोर लावला. मॅडमची केमो तेव्हा सुरू होती. डोक्याला रुमाल, नखं काळी पडलेली. त्यांनी पडद्यावरचा आलेख शेवटच्या बिंदूपर्यंत वाचला. शेजारचे एक सर म्हणाले, पोराला पुन्हा करून बघू द्या. तेव्हा मॅडम पहिल्यांदा माझं नाव घेऊन बोलल्या.

"संदेशने केलंय. परत करायची गरज नाही."

मी ते एकदाच केलं होतं. त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही... इतका सुखावलो होतो मी त्या एका वाक्याने. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः फोन करून कारखान्याला नाही म्हणून कळवलं.

शेवटचा भेटलो तो त्यांच्या घरी. दार त्यांच्या बहिणीने उघडलं. मॅडमचं तोंड आतून सोललेलं, पाणीसुद्धा चमच्याने द्यावं लागत होतं. मी काहीतरी माफीचं पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. नाहीतर खोटी वस्तू त्यांच्या गळ्यात मारून गेले असते मी." आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. कोपऱ्यात त्यांच्या प्रयोगांच्या वह्या सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. मी जिना उतरत होतो, तेव्हा रद्दीवाला वर चढत होता. मॅडमनीच बोलावलंय, असं बहीण म्हणाल्या होत्या. बारा दिवसांनी मॅडम गेल्या.

गेल्या आठवड्यात स्नेहलचा फोन आला. ही कल्याणची, माझ्यामागून त्याच प्रयोगशाळेत आलेली. कपाट आवरताना तिला मी गाळलेल्या पाण्याची बाटली सापडली होती. "अरे, तळाला काळं बसलंय," ती म्हणाली. फ्लास्कच्या तळाशी फिरत ढवळणाऱ्या चुंबकाखाली पावडर इतकी बारीक दळली गेली होती, की माझ्या साध्या गाळणकागदातून ती खाली उतरली होती आणि तिथेही काम करत राहिली होती. पाणी तपकिरीच असतं, त्यामुळे मला ती दिसली नाही. स्नेहलने उरलेली पावडर घेतली, खूप बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळून तीनदा करून बघितलं. फरफ्युरल वाढायचं तिन्ही वेळा थांबलं.

मग ती म्हणाली,

"पावडर खरी होती रे. पण डब्यात आता चमचाभरच उरलीये. मॅडम ती कशी भाजायच्या, तुला माहितीये का?"