नॉनस्टॉप कांडप

प्रताप नगरात आमच्या घरासमोर यमुताईंचं मिरची कांडप आहे. ‘नॉनस्टॉप कांडप’ ही पाटी त्यांच्या नवऱ्यानं, प्रेमानंदनं, स्वतः रंगवली होती. उन्हाळाभर ठसका माझ्या नशिबी, त्यात ही पाटी. एकदा मी चिडून त्याला विचारलं, “नॉनस्टॉप म्हणजे काय, कळते का गा?”

“सावनेरची नॉनस्टॉप गाडी नाही का सर? मधात थांबत नाही. गिऱ्हाईकाची मिरची सरेपर्यंत आपली मशीनबी थांबत नाही.”

अर्थ बरोबर होता. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या मला त्याचाच जास्त राग आला.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात भिवापुरी मिरची कुटली जात होती. प्रेमानंद मागे स्टुलावर बसून खोकत होता. कांडपात कोण खोकत नाही? यमुताईंनी वळून पाहिलं नाही, गिऱ्हाइकांनीही नाही. मिरची संपली, मशीन थांबली, तेव्हा तो भिंतीला टेकलेला, गार पडलेला होता.

तेव्हापासून मशीन रिकामीही धडधडत राहायची. मिस्त्री म्हणाला, मोटर जळेल. सावनेरहून त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली आणि रडून परत गेली. शेवटी गेल्या आठवड्यात भरदुपारी मीच भांडायला गेलो.

“यमुताई, मशीन बंद काहून करत नाही?”

“बंद केली का मांगून यांचं खोकनं आयकू येते, सर.”

मी मास्तरकी केली. “अहो, नॉनस्टॉप गाडीसुद्धा सावनेरला थांबतेच ना?”

“थांबते. पन मशीन थांबते तिथं हे बसले हायेत.”

तेवढ्यात लाइट गेली. मशीन घरघरत थांबली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं आणि सकाळपासून मशीनमध्ये मिरचीही पडली नव्हती. तरी मागून, स्टुलाच्या बाजूनं, कोणीतरी खोकलं. मी वळून स्टुलाकडे पाहिलं.

यमुताईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही ऐकलंय, हे त्यांना कळलं.

लाइट आली. आधी माझाच हात स्टार्टरकडे गेला.

“राहू द्या सर,” त्या म्हणाल्या. माठातून गिलासभर पाणी घेऊन त्या मागे गेल्या, रिकाम्या स्टुलाशी जमिनीवर बसल्या.

“सांगा,” त्या हळू म्हणाल्या, “काय म्हनून राह्यले होते? मशीन बंद हाय. आता आयकून राहिली मी.”