नापासाच्या घरचं जेवण

फोन आला तेव्हा मी कुरुंदा गावातल्या माझ्या घरी अंगणात वाळत घातलेली हळद हलवत होते. "सुमनबाई गेल्या," पलीकडून आमच्या जुन्या शाळेतले शिपाईमामा सांगत होते, "झोपेतच गेल्या." पिवळ्या हातांनी मी तशीच बाजेवर बसले. आम्ही दोघींनी एका शाळेत नोकरी केली, एका खोलीत संसार मांडला, एका स्टोव्हवर भांडलो. दुःख झालं हे काय सांगायचं... पण मी हे लिहायला बसले आहे ती रागानं. शोकसभेहून परत आले तेव्हापासून तो राग उतरायला तयार नाही.

साखरा गावाच्या बाजूला एका संस्थेची आमची शाळा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. गावातली आणि शेजारच्या तांड्यावरची लेकरं यायची. बाई मराठी शिकवायच्या, मी गणित. शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास बाईंनी मागून घेतला होता. पोरांना लिंबाखाली गोल बसवून विचारायच्या, "या आठवड्यात कशाची भीती वाटली?" पहिल्या दिवशी पोरं एकमेकांना ढोसत राहिली. मग बाईंनी स्वतःचंच सांगितलं, की संस्थेचे अध्यक्ष फाटकातून आत आले की माझ्या पोटात गोळा येतो. पोरं हसली आणि हळूहळू बोलायला लागली. कोणाचा बाप पिऊन यायचा, कोणाचे इंग्रजी वाचायला उभं राहिलं की पाय कापायचे. हे अध्यक्षांच्या कानावर गेलं. "शाळेत रडगाणं शिकवून राहिल्या काय?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. बाई म्हणाल्या, "न्हाई साहेब, रडू आलं तर कोणाला सांगायचं, ते शिकवते." तो तास अध्यक्षांच्या डोळ्यांत सलायला लागला तो तेव्हापासून.

दहावीच्या निकालाचा दिवस म्हणजे गावाची जत्रा. पारावर कोणीतरी मोठ्यानं निकाल वाचायचं. पासाच्या घरी पेढे, नापासाच्या घरी मार, ही आपली रीत. बाईंना ती बघवेना. पहिल्या वर्षी त्यांनी काय करावं? पेढ्यांचा पुडा घेऊन सरळ एका नापास पोराच्या घरी गेल्या. पोरगं दहावीपर्यंत आलं तेच मोठं, तोंड गोड करा म्हणाल्या. त्याच्या बापानं पुडा अंगणात भिरकावला. "बाई, आमी गरीब हाव म्हणून थट्टा करून राहिल्या काय?" बाईंची पाठ वळली आणि पोराला दुप्पट मार बसला. मी त्यांना फाडफाड बोलले, नसते उद्योग कोणी सांगितले होते म्हणून.  मग भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "पेढा नेला म्हणजे मी निकालच घेऊन गेले की. जायचं तर निकाल बाहेर ठेवून जायला पाहिजे."

पुढच्या वर्षापासून त्या उपाशी पोटानं जायला लागल्या. नापासाच्या दारात उभं राहून म्हणायच्या, "वहिनी, भूक लागली, भाकर टाका." दारात आलेल्या बाईंना आपल्याकडं नाही कोण म्हणतं? चूल पेटायची. पाहुण्यासमोर लेकरावर हात टाकता येत नाही, आणि बाईंचा हट्ट असा, की पोरगं शेजारी ताटावर बसल्याशिवाय घास घ्यायचा नाही. घरात भाकरीशी लावून खायला कोरड्यास नसलं तर बाईमाणसाची पंचाईत नको, म्हणून पिशवीत जवसाच्या चटणीचा स्टीलचा डबा असायचा. निकालाचं अवाक्षर नाही. हात धुताना तेवढं बापाला म्हणायच्या, "परीक्षा पुन्हा देता येते. सध्या याला एकटं सोडू नका." निकालाच्या आधी तांड्यावर जाऊन बायांना गोळा करायच्या. एकदा विचारलं, "लेकराला ताप आला की दवाखाना, अन् लेकरू जेवंना, बोलंना तर देवऋषी काहून?" एक म्हातारी म्हणाली, "दवाखान्यात हसत्यात, बाई." बाईंना ते पटलं. मग हिंगोलीच्या एका डॉक्टरांनाच त्या तांड्यावर घेऊन आल्या.

आणि संस्थेला काय दिसलं? बदनामी. आपली नापास पोरं बाई गावाला दाखवत फिरतात म्हणे. मी तोवर शाळा सोडून कुरुंद्याला आले होते. एका वर्षी ऐन निकालाच्या दिवशी बाईंना संस्थेच्याच वारंगा फाट्याकडच्या दुसऱ्या शाळेत कामाला पाठवलं. बाईंनी हात जोडले. तांड्यावरची सविता शनिवारच्या तासाला म्हणाली होती, नापास झाले तर मला कोणाला तोंड दाखवता येणार नाही. "माझा आजचा दिवस तेवढा सोडा," बाई म्हणाल्या. सोडला नाही. सविता नापास झाली. संध्याकाळी ती घरी आली नाही, आणि मग जिवंत आलीच नाही. गाव म्हणालं, बाहेरचं लागलं होतं. अध्यक्ष म्हणाले, पोरगी मनानं कमजोर, आणि शनिवारचा तासही बंद पाडला. एका जेवणानं सविता वाचलीच असती, असं बाई कधी बोलल्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "तिचं ताट तरी कोणी वाढलं असतं..."

त्याच अध्यक्षांनी शोकसभेत डोळे पुसले. बाई म्हणजे विद्यार्थ्यांची माउली, म्हणाले. आणि जाहीर काय केलं, तर दहावीत पहिल्या येणाऱ्याला सुमनबाईंच्या नावानं पारितोषिक. टाळ्या पडल्या. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. "साहेब, पहिल्या आलेल्याच्या घरी बाई कधी गेल्याच नाहीत. त्यांचं नाव लावायचं तर बंद पाडलेला शनिवारचा तास सुरू करा. निकालाच्या दिवशी मास्तरांना नापासांच्या घरी पाठवा." ते म्हणाले, "बघू, बाई. आज प्रसंग तो नाही." मग प्रसंग कोणता? सविता गेली तो होता की नाही? पण तेवढ्यात चहा आला, आणि लोकांना चहा बरा वाटला.

निघताना मागच्या रांगेतून सविताची आई आली. मला ठाऊक नव्हतं ते तिनं सांगितलं. लेक गेली तेव्हापासून दरसाल निकालाच्या दिवशी बाई आधी तिच्याकडं दोन घास खायच्या, मग बाकीची घरं. "यंदा कोन येईल वो जेवाया?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मी येते. भाकर टाकून ठेवा."

बाईंच्या भाचीनं तो डबा मला दिला आहे. झाकण सैल झालंय, बाई त्याला रबर लावायच्या, ते रबरही तसंच आहे. काल जवस भाजून चटणी कुटली, डबा भरून ठेवला. निकाल पुढच्या आठवड्यात आहे. अध्यक्षांचा नातूही यंदा दहावीला होता. पोरगं पास होवो. नाहीच झालं, तर आजोबांवरचा राग फाटकाबाहेर ठेवून त्याही दारात उभी राहीन आणि म्हणेन, वहिनी, भूक लागली, भाकर टाका.