केझायाला पाठ असलेली स्तोत्रं

टर्लिंग गावच्या खालच्या बोळात दुपारी दारं उघडी असली की प्रत्येक उंबऱ्याशी एक बाई दिसायची आणि तिच्या मांडीवर गवत ठासून भरलेली टणक, गोल उशी. उशीत टाचण्या रोवलेल्या, टाचण्यांना दोरे गुंडाळलेले आणि दोऱ्यांच्या टोकाला हाडाच्या बारीक कांड्या. लंडनच्या बायकांच्या गळ्याशी झुलणारी लेस या कांड्यांवर विणली जायची. बोळातल्या एकीच्याही गळ्याला ती कधी लागली नाही, हे वेगळं सांगायला नको.

केझाया पाचव्या वर्षी उशीला बसली. लेसशाळेची म्हातारी पोरींना केस वर बांधायला लावायची, म्हणजे चूक झाली की मानेवर चापट नेमकी बसावी. टाचण्या मोजताना चुकू नये म्हणून पोरी एका सुरात गाणी म्हणायच्या. केझायाला कुठलंही गाणं एकदा ऐकलं की पाठ व्हायचं. तिला अक्षर शेवटपर्यंत आलं नाही, पण कानात गेलेलं काही ती कधी विसरली नाही. विसाव्या वर्षी तिने चुनाभट्टीवरच्या ओबेद टॅपशी लग्न केलं. पहिली दोन मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली. तिसरी डॉर्कस जगली. ती तीन वर्षांची असताना ओबेद तापाने गेला आणि घरात दोघी मायलेकी आणि दोन उशा राहिल्या.

लॅम्बर्नसाहेब गावात आले ते त्याच सुमाराला. मोठ्या घरचा, शिकलेला, एकटा माणूस. लंडनमध्ये डोक्याचं काही दुखणं झालं होतं म्हणे. आता बरे होते, आणि शांत जागा हवी म्हणून चर्चमागच्या विटांच्या घरात, विधवा प्रॉथेरोबाईंकडे येऊन राहिले. बाईंच्या बागेतली नाशपातीची झाडं छाटायची, नदीकाठी फिरायचं, आणि देवाची गाणी लिहायची, एवढंच करायचे. दर मंगळवारी संध्याकाळी प्रार्थनेला म्हातारे पाद्रीबाबा साहेबांचं नवं स्तोत्र एकेक ओळ सांगत आणि लोक ती सुरात उचलत. बुधवारी सकाळी केझाया ते अख्खं स्तोत्र उंबऱ्यात बसून म्हणायची, आणि शनिवारपर्यंत सगळ्या बोळाच्या कांड्या त्याच तालावर चालायच्या. टाचण्या मोजायची जुनी गाणी मागे पडली.

एका सकाळी साहेब तिच्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात टोपी.

"टॅपबाई, तुम्ही माझं गाणं चुकवताय."

केझायाने कांड्या थांबवल्या नाहीत. "कुठलं साहेब?"

"पुराचं. मी लिहिलंय, 'माझा सुटला रे हात, तुझी कृपा आहे थिर.' तुम्ही सगळ्या जणी 'मूठ' म्हणता. 'तुझी मूठ आहे थिर.' इकडून जाताना ऐकलं मी."

"मग बरोबरच ऐकलंत."

"पण मी तसं लिहिलेलं नाही."

"कृपा डोळ्याला दिसत नाही साहेब. पुरात वाहून चाललेल्या माणसाला मूठ हवी. कुणीतरी मनगट गच्च धरलंय, हे कळायला हवं." मग आपण कुणाशी बोलतोय हे ध्यानात येऊन ती ओशाळली. "आता तुम्ही म्हणत असाल तर कृपा म्हणू आम्ही."

साहेबांनी ती ओळ 'मूठ' घालून स्वतःशी पुटपुटून पाहिली. मग हसले. त्यांना हसताना बोळाने फारसं पाहिलं नव्हतं. "नको. मूठच राहू दे," म्हणाले आणि गेले. पुढच्या मंगळवारी पाद्रीबाबांनीही मूठच म्हटली. शेजारची हॅना कितीतरी दिवस केझायाला चिडवायची, "काय कवीणबाई, आज साहेबांचा कुठला शब्द बदलणार?"

पुढे साहेब अधूनमधून येत. कागद कुणाला तरी देऊन बसायचे आणि मग विचारायचे, "टॅपबाई, तिसऱ्या कडव्यात मी काय म्हटलं होतं हो?" केझाया सांगायची. छोटी डॉर्कस आईच्या आधी सांगायची. साहेब तिला खिशातून एखादी नाशपाती काढून देत आणि म्हणत, "माझ्यापेक्षा हिलाच माझं जास्त ठाऊक."

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मग एका जानेवारीत साहेब चर्चला यायचे बंद झाले.

आधी म्हणत, सर्दी झालीय. मग म्हणत, तब्येत बरी नाही. मंगळवारी नवं स्तोत्र येईना, जुनीच आलटून पालटून होऊ लागली. चर्चची घंटा वाजली की साहेब मागच्या फाटकातून बाहेर पडून नदीकडे चालू लागत आणि घंटा थांबेपर्यंत परतत नसत. प्रॉथेरोबाईंची मोलकरीण सुकी पाण्यावर आली की बायका तिला घेरायच्या. सुकी फक्त मान हलवायची. पाद्रीबाबांची दुसऱ्या गावी बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या तरुण पाद्र्याला साहेब आधी कसे होते तेच माहीत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात डॉर्कसला खोकला लागला. ती सतरा वर्षांची होती. उशीवर सतत वाकून बसणाऱ्या पोरींच्या छातीत असं काहीतरी घर करतंच, त्यामुळे केझाया पहिल्यांदा घाबरली नाही. मध आणि व्हिनेगर दिलं, चरबीत भिजवलेलं फडकं छातीला बांधलं. फेब्रुवारीत रुमालावर रक्त दिसलं. त्या दिवशी केझायाने मुलीची उशी उचलून कपाटावर ठेवली आणि डॉर्कसने ती परत मागितली नाही, तेव्हा दोघींना कळलं.

मार्चच्या सुरुवातीला एक दिवस डॉर्कस म्हणाली, "आई, साहेबांना बोलाव ना. त्यांनी इथे बसून एकदा पुराचं म्हणावं."

"मी म्हणते की रोज."

"तू म्हणतेस गं. पण ते त्यांनी लिहिलंय. त्यांना जास्त माहीत असेल."

केझायाने डोक्याला शाल गुंडाळली आणि ती विटांच्या घरी गेली. साहेब बागेत होते. भिंतीलगतच्या झाडाची फांदी बांधत होते. त्यांचे गाल बसले होते, दाढी वाढली होती. तिने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या हातातली सुतळी खाली पडली.

"मी नाही येऊ शकत, टॅपबाई."

"दोन घटकांचं काम आहे साहेब. पोर आता फार दिवस..."

"मला कळतंय. म्हणूनच नाही म्हणतोय." ते तिच्याकडे बघत नव्हते. "जानेवारीत मला एक स्वप्न पडलं. स्वप्नही नव्हे, आवाज. माझं नाव खोडलंय म्हणाला. वरच्या वहीतून. कायमचं. त्या दिवसापासून मी प्रार्थना करत नाही. माझी प्रार्थना वर जात नाही, बाई. ती खाली पडते. जिच्यासाठी करीन तिच्याच अंगावर पडेल."

केझायाला आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. "असं कुठे असतं का साहेब? तुम्हीच तर लिहिलंत. हात सुटला तरी तो सोडत नाही म्हणून."

"सगळ्यांसाठी ते खरं आहे."

"आणि तुमच्यासाठी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

शांत स्वभावाची केझाया त्या वेळी भडकली. "बारा वर्षं आम्ही ते म्हणतोय! पोरींना शिकवलं मी. घरात खायला नव्हतं तरी म्हटलं. आता माझी पोर त्याच दोरीला धरून लटकलीय आणि तुम्ही सांगताय दोरी कुजकी आहे?"

"दोरी कुजकी नाही हो," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "एकट्या मलाच ती धरता येत नाही. डॉर्कसला हे सांगू नका. पाया पडतो तुमच्या."

घरी येऊन केझाया खोटं बोलली. साहेबांना ताप आहे, बरे झाले की येतील, म्हणाली. डॉर्कस तिच्याकडे बघत राहिली आणि "बरं" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गारठ्याचा पाऊस भुरभुरत असताना खिडकीच्या काचेवर कुणीतरी बोटाने टकटक केलं. बाहेर साहेब उभे होते. टोपी काढलेली, केस निथळत होते. केझाया दाराकडे धावली.

"आत या साहेब! असे पावसात काय?"

"आत नाही. मी इथेच बरा. खिडकी उघडाल?"

डॉर्कसचा बिछाना खिडकीखालीच होता. केझायाने तिला पाठीमागे आधार देऊन बसवलं. इतक्या जवळून दोघांनी एकमेकांना पाहिलं तेव्हा दोघांपैकी जास्त आजारी कोण हे सांगणं कठीण होतं, असं केझाया पुढे हॅनाला म्हणाली होती.

साहेबांनी गाणं म्हणायला तोंड उघडलं.

"पूर चढला नदीला, दिसेना पैलतीर..."

पुढची ओळ येईना. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग डॉर्कसनेच ती म्हटली, खोकत खोकत, दोनदा थांबून.

"माझा सुटला रे हात, तुझी मूठ आहे थिर."

मग तिने विचारलं, "साहेब, हे खरं आहे ना?"

"तुझ्यासाठी अगदी खरं आहे, डॉर्कस. माझ्या जिवाची शपथ."

"आणि तुमच्यासाठी?"

 साहेब खोटं बोलले असते तर केझायाने त्यांना त्याच क्षणी माफ केलं असतं. पण ते उगी राहिले. पावसाचं पाणी त्यांच्या नाकावरून ओघळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

डॉर्कसला कळलं. इतक्या वर्षांत तिनेच त्यांना कडवी आठवून दिली होती. ते कुठे अडतात हे तिला कळणारच. "मग मी गेले की विचारते तिथे," ती म्हणाली. दुकानातून येताना काहीतरी विचारून येते म्हणावं तसं. "तिथल्यांचंच काहीतरी चुकलं असेल."

साहेबांनी खिडकीच्या चौकटीवर डोकं टेकलं आणि ते रडले. बोळातल्या बायका आपापल्या दारातून बघत होत्या. कुणी पुढे आलं नाही. मग ते वळले आणि टोपी हातातच धरून नदीच्या दिशेने चालत गेले.

त्याच आठवड्यात गुरुवारी डॉर्कस गेली.

उशीवर तिची अर्धी राहिलेली लेस होती. हॅनाने ती पुरी करून दिली, आणि नेहमीचा व्यापारी ती बाकीच्या मालाबरोबर घेऊन गेला. ती कुणाच्या गळ्याशी गेली, कोण जाणे.

त्यानंतर बोळात कांड्या पूर्वीसारख्याच वाजल्या, पण केझायाच्या दारातून गाणं ऐकू आलं नाही. नव्या पोरी म्हणायच्या, "केझायाकाकू, पुढचं कडवं सांगा ना." ती सांगायची, पण नुसतं बोलून, बाजारात भाव सांगितल्यासारखं. गाण्यातलं खरं का खोटं हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. साहेबांनी जे बागेत सांगितलं ते तिने हॅनालाही सांगितलं नाही. दोन वर्षांनी साहेबांना त्यांचा पुतण्या समुद्राकाठच्या कुठल्याशा गावी घेऊन गेला; सेवेला सुकीही बरोबर गेली. जाताना गाडी बोळाच्या तोंडाशी थांबली होती. केझाया आत बसून राहिली. आपण उठून गेलो नाही, हे तिला पुढे जन्मभर खात राहिलं.

स्तोत्रांचं पुस्तक छापलं गेलं. दूरदूरच्या चर्चमधून ती गायली जाऊ लागली. मग लोक गाव बघायला येऊ लागले. त्यांना विटांचं घर दाखवायचं आणि कुणीतरी म्हणायचं, त्या म्हातारीला विचारा, तिला सगळं पाठ आहे.

"केवढी श्रद्धा असेल नाही त्या माणसाची!" एक बाई डोळे टिपत म्हणाली होती.

"नाशपाती छान छाटायचे," केझाया म्हणाली.

साहेब गेल्याची बातमी आली तेव्हा डॉर्कसला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. रविवारी पाद्र्याने चर्चमध्ये सांगितलं, अखेरच्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर देवदूताचं हसू होतं. सगळ्यांनी पुराचं स्तोत्र म्हटलं. दोन महिन्यांनी सुकी गावात परतली. ती शेवटपर्यंत त्यांच्यापाशी होती. ती सरळ केझायाकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"हसूबिसू काही नव्हतं काकू. डॉक्टरने विचारलं, कसं वाटतंय? म्हणाले, 'कुणाला वाटू नये असं.' शेवटचा घोट पाणी दिलं तर म्हणाले, 'आता कशाला?' तेवढंच." सुकीने ॲप्रनने तोंड झाकलं. "इतका चांगला माणूस होता हो."

केझायाने तिला चहा करून दिला. स्वतः घेतला नाही.

डॉर्कस गेल्यापासून तिने प्रार्थना सोडली होती; त्या दिवसापासून ती पुन्हा प्रार्थनेला बसू लागली. गुडघे टेकवत नसत, म्हणून खुर्चीतच. साहेबांचं पहिलं नाव ऑब्रे आहे हे तिला पुस्तकामुळे कळलं होतं. आलेल्या एका पाहुण्याने पहिलं पान वाचून दाखवलं होतं. देवापुढे साहेब कसं म्हणायचं, म्हणून ती नुसतं ऑब्रे म्हणायची. कान मंद झाल्यापासून ती मोठ्याने बोलायची आणि भिंतीपलीकडे सगळं ऐकू जायचं. "ऑब्रेकडे बघ. त्याला आत घे. बाहेर पावसात उभा करू नकोस त्याला." कधी भांडायची. "त्याने तुझ्यासाठी एवढं केलं, तुला लाज नाही वाटत?" कधी नुसतंच नाव घ्यायची. असं नऊ वर्षं चाललं. उत्तर मिळालं का, हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि चेहऱ्यावरून तरी मिळाल्यासारखं वाटत नव्हतं.

तोवर हॅना गेली होती, बोळातली जुनी माणसं संपली होती. ऐन कडाक्याच्या थंडीत एका सकाळी केझाया खुर्चीतच सापडली. पुरताना पाद्र्याने भिंतीपलीकडच्या शेजारणीला विचारलं, हिला मुलंबाळं किती होती?

"चार," ती म्हणाली. "सगळी आधीच गेली बिचारीची. दोन तान्ही, एक डॉर्कस, आणि एक मुलगा होता ऑब्रे म्हणून. त्याच्यावर फार जीव होता तिचा."

पाद्र्याने तसंच सांगितलं. थंडी फार होती, माती गोठली होती, आणि आठ-दहा माणसं होती ती लवकर पांगली.