बिनकुलपाचं खातं

मनकर्णाच्या तांड्यात दाराला कुलूप घालणं म्हणजे शेजाऱ्याला चोर म्हणणं. म्हणून औंढ्याच्या सायबर कॅफेत तांड्यातल्या पोरापोरींनी मेलची खाती उघडली, तेव्हा साऱ्यांनी पासवर्ड एकच ठेवला, तांड्याचं नाव. भोळेपणाची हद्द झाली बघा!

२००६ च्या जूनमध्ये तो भोळेपणा मनकर्णाच्या मुळावर आला. तिनं त्याच पासवर्डनं नर्सिंगचा ऑनलाइन अर्ज भरला होता. आठ दिवसांनी पाहते तर काय, अर्ज कोणीतरी मागे घेतलेला! मुदतीला उरले दोन दिवस.

येणाऱ्यानं नाव आणि वेळ वहीत लिहायची, हा कॅफेवाल्या हरिचंदचा नेम. त्यानं वही उघडली. अर्ज मागे घेतल्याची वेळ पडद्यावर दिसत होती, त्या वेळेला एकच सही होती, फुलसिंगची. तांड्याचे नायक भीमसिंग, त्यांचा हा मुलगा. मनकर्णानं त्याला लग्नाला नकार दिला होता, त्याचं उट्टं मेल्यानं असं काढलं.

हरिचंदनं कॉलेजला फोन लावला. ते म्हणाले, पोलिसांत तक्रार केल्याचा कागद आणा, अर्ज बहाल करू.

मनकर्णा तडक नायकाकडं गेली.

"तांड्याची गोष्ट तांड्यातच मिटवू," भीमसिंग म्हणाले. "पोरगं माफी मागंल."

"माफीनं अर्ज परत येत न्हाई, नायक. दुसऱ्याच्या खात्यात घुसून मोडतोड केली तर तीन वर्सं कैद हाय. कायदाच हाय तसा. हरिचंदभाऊच्या भिंतीवर लिवलंय."

"पर पासवर्ड तर साऱ्याइलेच ठाव होता. मंग गुन्हा कायचा?"

मनकर्णाला रडू फुटलं, पण ती हटली नाही. "माझ्या दाराला कुलूप न्हाई, म्हणून कोणी बी आत येऊन माझी चूल इझवावी काय?"

उभ्या जन्मात भीमसिंगांनी तांड्याचं भांडण ठाण्यात जाऊ दिलं नव्हतं. शेवटी त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. "चल," म्हणाले. ठाण्यात पोराविरुद्ध पहिला जबाब त्यांनीच दिला. असा बाप शोधून सापडायचा नाही!

अर्ज बहाल झाला. तीन वर्षांनी मनकर्णा नर्स होऊन परतली, तेव्हा भीमसिंग तिला कॅफेत घेऊन गेले. फुलसिंग सुधारून पुण्याला कामाला लागला होता, त्याला मेल लिहायचा होता.

तिनं त्यांचं नाव टाइप केलं. पासवर्डची जागा आली, तसा म्हाताऱ्यानं कीबोर्ड आपल्याकडं ओढला आणि डोळे वटारले.

"पोरी, तोंड तिकडं कर!"