त्यागाचा गोल

आमच्या कॉलेजच्या प्रवेशदालनात काचेचं एक कपाट होतं. आत आंतरकॉलेज फुटबॉलचा एक कप, आणि कपामागे चॅम्पियन संघाचा फोटो. हा फोटो दर वर्षी थोडा मोठा करून पुन्हा लावला जाई. जिंकलो तेव्हा तो वहीएवढा होता. पाच-सहा वर्षांत भिंतभर झाला. खेळाडू तेवढेच राहिले, उंची मात्र वाढत गेली.

मस्कतच्या बाहेरचं ते एक खासगी इंजिनिअरिंग कॉलेज. मी तिथे संख्याशास्त्र शिकवायचो आणि वादी अदाईत राहायचो. मूळचा नागपूरचा. जयंतीच्या मंडपात लहानपणापासून इतकी भाषणं ऐकली होती, की वक्त्याचं पहिलं वाक्य ऐकूनच दुसऱ्यात काही असेल की नाही ते मला कळायचं. आमच्या डीनसाहेबांच्या बाबतीत ते माइक हातात घेतानाच कळायचं.

डीनसाहेब पुण्याचे. मराठी माणूस भेटला की ते आवर्जून इंग्रजीत बोलत आणि राग आला की मराठीत. कप जिंकल्यानंतर वर्षभराने ते आले, त्यामुळे त्या विजयाविषयी त्यांच्याइतकं ठामपणे दुसरं कोणीच बोलू शकत नसे. बाकीच्यांची अडचण अशी होती की त्यांनी सामना पाहिला होता.

मीही पाहिला होता. उपांत्य फेरी आम्ही जिंकलो ती अशी: डोंगरात पाऊस झाला, वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याला, पूर आला, रस्ता बंद पडला आणि समोरच्या कॉलेजची बस पलीकडे अडकली. आम्ही अलीकडे होतो, म्हणून विजयी. अंतिम सामना मात्र खरोखरचा झाला. मैदान खडीचं. पडलं की गुडघा सोलणार, त्यामुळे दोन्ही संघ न पडता खेळत होते, म्हणजे जवळजवळ खेळतच नव्हते. सामना संपत आला तरी गोल नाही.

आमचा कोच रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावचा कोकणी मुसलमान. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला सर. घरी तो कोकणी बोलायचा, माझ्याशी मराठी आणि मुलांशी हिंदी. ओमानी मुलांना हिंदी कळते अशी त्याची समजूत होती. ती बरीचशी खरीही होती. फक्त एका शब्दापुरती खोटी ठरली.

आमच्या फॉरवर्डकडे चेंडू येत होता. समोर फक्त दोन बचावपटू आणि गोलकीपर. कोचला राहवेना. तो रेषेवरून बेंबीच्या देठापासून ओरडला, “ला! ला! बॉल ला!” म्हणजे हिंदीतलं ला, घेऊन ये. पण मुलगा पडला अरब. अरबीत ‘ला’ म्हणजे नाही. आपला कोच जीव तोडून “नको, नको” म्हणतोय म्हटल्यावर त्या आज्ञाधारक मुलाने पाय मागे घेतला आणि चेंडू जाऊ दिला. त्याच्या अंगावर धावलेले दोन्ही बचावपटू त्याच्यावरच आदळले, गोलकीपरही त्याच बाजूला झुकला, आणि चेंडू मागून पळत येणाऱ्या आमच्या दुसऱ्या मुलाच्या पायाशी गेला. त्याने तो रिकाम्या जाळ्यात ढकलला. आम्ही चॅम्पियन.

त्या रात्री बसमध्ये कोचने मुलांना समजावलं, “अरे, मेरा ला मतलब लाओ!” मुलं पोट धरून हसली. त्या संघात पुढे दोन वर्षं ‘ला’ म्हणजे ‘आण’ असंच चाललं. कोचही शहाणा झाला. नंतरच्या मुलांसाठी त्याने अरबी शिकून घेतली आणि ‘ला’ऐवजी ‘जीब’ म्हणू लागला. अरबीत जीब म्हणजे आण. मला मैदानाबाहेरून ते ‘जीभ, जीभ’ असं ऐकू यायचं आणि वाटायचं, डॉक्टर आलेत.

डीनसाहेबांपर्यंत हा गोल पोहोचला तेव्हा त्याचं तत्त्वज्ञान झालं होतं. दर स्नेहसंमेलनात ते सांगत, “आमच्या विद्यार्थ्याने वैयक्तिक कीर्तीचा त्याग केला. चेंडू सोडून दिला. धिस इज लीडरशिप.” कपाटावर ‘त्यागाचा गोल’ अशी पितळी पाटी लागली. कोच माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवायचा आणि पुटपुटायचा, “सर, माझ्या हिंदीला एवढा मान हिंदुस्थानात पण नाय मिळाला.”

मग एका वर्षी नवा संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला. डीनसाहेबांनी मला बोलावलं.

“वी नीड अ कम्पॅरिझन,” ते म्हणाले. “तेव्हाचा संघ आणि आत्ताचा संघ. तुम्ही संख्याशास्त्राचे. तुलना समिती नेमतोय.”

“समितीत कोण आहे सर?”

“तुम्ही.”

“आणि?”

“आणि काय, तुम्हीच.” मग मूळ मुद्दा आला. “कोचचं कंत्राट जूनमध्ये संपतंय. आत्ताचा संघ जर त्या संघाच्या जवळपास नसेल, तर परवानाधारक कोच आणावा म्हणतो. युरोपियन.”

मी म्हटलं, “पण त्या संघाचा कोचही हाच होता.”

“तो संघ स्वयंभू होता,” डीनसाहेब म्हणाले. मी तेही लिहून घेतलं.

भाईची मुलगी अकरावीत होती, भारतीय शाळेत. व्हिसा गेला की तिची बारावी अर्ध्यावर. अकरावी इथे आणि बारावी गावी असं बोर्ड सहजासहजी करू देत नाही. भाई एकदा चहा पिताना म्हणाला, “पोरगी बोलते, अब्बा, गावी पाठवलं तर मला मराठी रीड करायला येतंय पण फास्ट नाय येत. मी काय सांगू सर तिला?” फुटबॉलच्या तुलनेत काय पणाला लागलंय, ते मला तेव्हा नीट कळलं. कप नव्हे. बारावी.

मी प्रामाणिकपणे तुलना करायला बसलो. आत्ताची मुलं कृत्रिम हिरवळीवर खेळत होती, पास देत होती, पडल्यावर उठत होती. माझ्या मते ती सरळ सरळ चांगली होती. डीनसाहेबांना ते दाखवायला गेलो.

“त्या संघाने उपांत्य फेरीत किती गोल केले?” त्यांनी विचारलं.

“पावसाने जिंकली ती, सर.”

“पाऊस लिहू नका. पाऊस इन्स्पायरिंग नाही.” मग खुर्ची मागे ढकलून म्हणाले, “कागदावर नकोच. शास्त्रीय पद्धतीने करू. स्नेहसंमेलनात दोन्ही संघांचा सामना लावू. अर्बाबही येणार आहेत. त्यांच्यासमोरच निकाल लागेल.”

अर्बाब म्हणजे कॉलेजचे मालक. तरुणपणी मुंबईत भेंडी बाजाराजवळ राहून व्यापार केलेला म्हातारा. वर्षातून एकदा यायचे, खजूर आणि काहवा, म्हणजे अरबी कॉफी, घ्यायचे आणि डीनसाहेबांच्या भाषणात डोळे मिटून चिंतन करायचे.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी चॅम्पियन संघ आला. भिंतीवरची वामनमूर्ती त्रिविक्रम झाली होती, प्रत्यक्षात ती आडवी वाढली होती. कोणी बँकेत, कोणी तेल कंपनीत. त्यागाच्या गोलात चेंडू सोडणारा फॉरवर्ड आता कुठल्याशा खात्यात अधिकारी होता आणि दिशदाशा, म्हणजे लांब पांढरा झगा, काढून जर्सी चढवताना त्याला दोघांची मदत लागली. फोटोतल्या स्वतःकडे त्याने बराच वेळ पाहिलं आणि अरबीत विचारलं, “हा कोण?”

नव्या संघाचा कोच भाई होताच. पण जुने म्हणाले, “कोच आमचापण आहे.” तेव्हा दोन्ही संघांचा कोच एकच ठरला. डीनसाहेबांना यात शास्त्रीय अडचण दिसली नाही.

सामना सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत जुन्यांचा दम संपला. नव्यांनी एक गोल केला. मग जुन्यांनी धक्काबुक्की करून एक केला. रेफ्री त्यांच्यातल्याच एकाचा मेहुणा होता, त्याने दुर्लक्ष केलं. एक-एक. भाई रेषेवर शांत उभा होता. नव्यांना “जीब, जीब” म्हणत होता, जुन्यांना काहीच म्हणत नव्हता. मी मनात म्हटलं, असाच गप्प राहा. बरोबरी झाली तरी बारावी वाचेल.

शेवटची मिनिटं. तो जाडजूड अधिकारी कसाबसा चेंडू घेऊन पुढे निघाला. समोर नव्या संघाचा बचावपटू, त्याच्यामागे गोलकीपर. पुन्हा तेच चित्र, फक्त कंबर दुप्पट. आणि भाईला पुन्हा राहवलं नाही. इतक्या वर्षांची अरबी एका क्षणात विरघळली आणि आतून रत्नागिरीचा माणूस ओरडला, “ला! ला! बॉल ला!”

नव्या बचावपटूने ऐकलं: नको, नको. आपला कोच ओरडतोय, म्हणजे काहीतरी चुकतंय, म्हणून तो जागच्या जागी थांबला. जुन्या फॉरवर्डने ऐकलं: आण, आण. तो हसत हसत त्याच्या शेजारून गेला, चेंडू जाळ्यात घातला आणि मग जाळ्याला धरूनच श्वास घेत उभा राहिला.

भाईने स्वतःच्याच तोंडावर हात मारला. मी त्याच्याजवळ गेलो.

“भाई, काय केलंत हे?”

“तोंडातून गेलं सर,” तो म्हणाला. “त्यांना खेळताना बघितलं आणि गेलं. माझ्याच तोंडाने मी माझी सीट खाली केली.”

डीनसाहेब माइकजवळ पोहोचले होते. “पुन्हा एकदा सिद्ध झालं,” ते म्हणाले, “की त्या पिढीचं नेतृत्व—”

“रुको, डीनसाब,” अर्बाब म्हणाले. त्यांचे डोळे चक्क उघडे होते. त्यांनी फॉरवर्डला बोलावून अरबीत काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं, हातवारे केले, भाईकडे बोट दाखवलं. म्हातारा हसायला लागला आणि खोकला येईपर्यंत हसला. मग भाईला हाक मारून मुंबईच्या हिंदीत म्हणाले, “अरे कोच! तेरा ला मतलब लाओ? और वो पुरानेवाला गोल भी ऐसाच हुआ?”

भाईने मान खाली घालून सांगितलं, “हां अर्बाब. ऐसाच.”

आम्ही सगळे कपाटावरच्या पितळी पाटीचा विचार न करण्याचा प्रयत्न करत होतो.

“मतलब ये आदमी,” अर्बाब म्हणाले, “एक टीम को हिंदी सिखाया, और दुसरी टीम के लिए खुद अरबी सीखा.” ते डीनसाहेबांकडे वळले. “डीनसाब, आपको इधर कितना साल हुआ? अरबी कितना आता है?”

डीनसाहेबांनी बोटं मोजायला घेतली. “इन्शाल्ला,” ते म्हणाले.

“और?”

“यल्ला. खलास.”

“बस, खलास,” अर्बाब म्हणाले आणि उठले. जाताना त्यांनी भाईचा खांदा थोपटला. भाईने धीर करून विचारलं, “अर्बाब, मेरा कंत्राट?”

“इन्शाल्ला,” अर्बाब म्हणाले आणि गाडीत बसले.

ओमानमध्ये वर्षं काढलेल्या माणसाला हा शब्द ऐकून झोप येत नाही. त्याचा अर्थ ‘नक्की’पासून ‘विसरून जा’पर्यंत काहीही होतो. भाईने मे महिनाभर मला रोज विचारलं, “सर, तो कुठल्या सुरात बोल्ला असंल?” मी संख्याशास्त्राचा माणूस. मी म्हणायचो, सांगता येत नाही.

जूनच्या आधी कंत्राट वाढून आलं. एक वर्ष. खाली डीनसाहेबांची अट: मैदानावरील सर्व सूचना यापुढे फक्त इंग्रजीत देण्यात याव्यात.

तुलना समितीचा अहवाल मी दोन ओळींत दिला: दोन्ही संघांनी कोचचं नीट ऐकलं. फरक फक्त काय ऐकलं याचा. तो अहवाल कुठे गेला माहीत नाही. पितळी पाटी मात्र जागेवरच राहिली.

पुढच्या हंगामात भाई रेषेवर उभा राहून “ब्रिंग! ब्रिंग!” असं ओरडायचा. पहिल्याच सामन्यात राखीव खेळाडूंपैकी एकाने पिशवीतून फोन काढून पाहिला. संघ पहिल्या फेरीत हरला. दुसऱ्या दिवशी डीनसाहेब मला जिन्यात भेटले आणि खेदाने म्हणाले, “गेल्या वर्षीचा संघ काय संघ होता! तुलनाच नाही.”

मी ते भाईला सांगितलं. तो चेंडूंना हवा भरत होता. “हरूदे सर,” तो म्हणाला. “मार्चात पोरीचे पेपर संपतील. तोवर मी ब्रिंग-ब्रिंग करंन, सायकलची घंटी समजा.”