चार वाजता अडखळणारी सुई

आधीच सांगतो, गूढ अनुभवांच्या या पानावर मी आजवर फक्त वाचायला येत होतो, आणि तेही हसायला. कारखान्यातल्या मशीनची थरथर कशी थांबवायची, यावरच माझं पोट चालतं. हादरा आहे म्हणजे कारण आहे, एवढं माझं साधं गणित... पण आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी परदेशीपुऱ्यातलं जुनं घर बंद करून आईला आमच्या नव्या फ्लॅटवर आणलं. अन्नपूर्णा, तिसरा मजला. बाबांनी हा फ्लॅट पाहिलाही नव्हता. आईने आपली बॅगच उघडली नाही. रोज एकच — "मला परत पोहोचव बेटा. त्यांना इथला पता कुठे माहीत आहे?" पंचाहत्तरीची बाई तिथे एकटी राहणार! मी तिच्यावर चिडायचो, मग बाथरूममध्ये जाऊन रडायचो.

तिला बरं वाटावं म्हणून बाबांचा टर्नटेबल हॉलमध्ये लावला. जुन्या घरी रोज चारला रेकॉर्ड लागायची आणि बाबा स्वतः चहा करून आणायचे. डावा पाय अधू, म्हणून एक पाऊल जड, एक हलकं. फळ्यांची जमीन हलायची, सुई अडखळायची आणि आई हसायची.

इथे फरशी पक्की. तरी पहिल्याच रविवारी, चार वाजता, सुई अडखळली. जड, हलकी, जड, हलकी... म्हटलं, खालच्यांची वॉशिंग मशीन असेल. संध्याकाळी विचारायला गेलो, तर ते म्हणाले, "भिया, संडे को तो हम ससुराल में रहते हैं. ताला लगा था."

मग मी इरेला पेटलो. टर्नटेबलखाली ग्रॅनाइटची लादी, लादीखाली अर्धे कापलेले स्क्वॅशचे बॉल. तरी तेच! शेवटी भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर टर्नटेबल ठेवला, त्याचा जमिनीशी संबंधच तोडला. हादरा आला तर दिसावा म्हणून शेजारी पाण्याने भरलेली वाटी ठेवली आणि जवळ उभा राहून उड्या मारल्या. सुई ढिम्म. बायको ओरडली, "अहो बस करा ना, खालचे लोग वर येतील!"

पुढच्या रविवारी मुद्दाम दुसरी रेकॉर्ड लावली, चऱ्याची शंका नको म्हणून. आई खुर्चीत, आम्ही दोघं सोफ्यावर पाय वर घेऊन. चार वाजले. वाटीतलं पाणी स्थिर... आणि सुई? जड, हलकी, जड, हलकी. मी मोजत होतो. अकरा.

"तिकडे तर सातच पावलं व्हायची," आई म्हणाली. ती उठली, किचनच्या दारापाशी गेली आणि बाबांसारखा डावा पाय टाकत, मोठ्याने मोजत आपल्या खुर्चीपर्यंत आली.

अकरा.

"घर सापडलं रे त्यांना," ती म्हणाली.

नंतर मी टर्नटेबलचा पट्टा बदलला, मोटर तपासली, दोन जाणकारांना दाखवलं. कारण मिळालं नाही, आजही नाही. मला खरंच माहीत नाही ते काय होतं. त्या संध्याकाळी आईने बॅग उघडली, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. साड्या पलंगावर काढून ठेवत ती माझ्या बायकोला म्हणाली, "अलमारीतला एक खण रिकामा कर बेटा."

मग जरा थांबून म्हणाली, "दोन कर."