देव्हाऱ्यात ठेवलेल्या पट्ट्या

अर्धी फेरी झाली तरी शुभांगीचं तोंड थांबेना. श्रावणातला तिसरा सोमवार, ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालणारी माणसं मागूनपुढून चाललेली, पायाखाली चिखल नि टोचरी खडी. आणि ही पोरगी देवाचं नाव घ्यायचं सोडून सख्ख्या भावाच्या नावाने खडे फोडत होती.

"अगं, आज तरी शंकराचं नाव घे," सुवर्णाताई म्हणाल्या. त्या अनवाणी चालत होत्या. अंगठा ठेचाळला होता, पोटात उपास होता, आणि तीन तास हीच कहाणी ऐकून त्यांचाही धीर सुटत आला होता.

"घेतेय की! दादाला अक्कल दे, एवढंच मागतेय त्याच्याकडे."

शुभांगी त्यांच्या शेजारची. घरची फुलशेती, थोरला भाऊ जीवन कांद्याचा व्यापारी. ही मात्र सहा वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांशी झटत होती. पट्टी दिसायला साधीच. पण तिच्यावर किरणांचा मारा केला आणि मग एका रसायनात बुडवून ठेवली, की तिच्या अंगावर दुसऱ्याच पदार्थाचे बारीक धागे उगवतात. मग ती ऊन पाण्यात आकसते, आंबट पाण्यात एक तऱ्हा करते आणि सोड्याच्या पाण्यात दुसरी. जखम बिघडून तापली की वर लावलेल्या पट्टीने आपणहून औषध सोडावं, एवढं तिला साधायचं होतं. आई विचारायची, "लग्नाआधी अजून किती पट्ट्या?"

किरणांच्या यंत्रासाठी मुंबईला नंबर लावावा लागे. गेल्या खेपेला बारा पट्ट्या करून, बर्फाच्या डब्यातून सांभाळत आणल्या. कॉलेजचं फ्रीज नेमकं बंद पडलेलं, म्हणून डबा घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला.

"वर मी ठसठशीत लिहिलं होतं ना, ताई! 'रेडिएशन केलेले नमुने, हात लावू नये.' दादाने वाचलं. वाचलं म्हणूनच बाहेर काढला डबा! मला म्हणतो, 'रेडिएशन मारलेला कांदा बाहेर लय दिवस टिकतो, कोंबसुद्धा येत नाय. तुझं प्लॅस्टिक काय नासणार हे? उगा जागा अडवून ठेवली.' आणि तिथं मटार कोंबले."

"मग डबा फेकला?"

"फेकला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. शिक्षणाची वस्तू म्हणून देव्हाऱ्यात ठेवला. समईला खेटून. दोन दिवस! वर आईने हळदकुंकू वाहिलं."

सुवर्णाताईंना हसू फुटणारच होतं. पोरीचे डोळे पाहून त्यांनी ते गिळलं.

किरणांनी पट्टीत जे जागं केलेलं असतं ते थंडीतच टिकतं, ऊब लागली की विझून जातं. तरी शुभांगीने वेड्या आशेने पट्ट्या रसायनात बुडवल्या. ऊन पाणी झालं, लिंबाचं पाणी झालं. पट्ट्या दुधाच्या पिशवीसारख्या ढिम्म.

"भाद्रपद संपायच्या आत निकाल दाखवायचाय. नाही दाखवला तर माझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द. सहा वर्षं पाण्यात."

"मुंबईचा पुढचा नंबर कधी?"

"गौरी येतात त्याच्या आदल्या दिवशी. कॉलेजचं फ्रीज अजून तसंच. आणि आमच्या घरी तेव्हा नारळाचा चव, पुरण, काय काय कोंबलेलं असणार."

"मग आमच्याकडे ठेव."

"तुमच्याकडे तर पंधरा माणसं जेवायला!"

ते खरंच होतं. मग शुभांगीने त्यांचा हात धरला.

"ताई, दादा माझं ऐकत नाही. पण चौथीत तुम्ही त्याला शिकवलंय, तुमचं अक्षर पाहून अजून सरळ उभा राहतो. डब्यावर चिकटवायला एक चिठ्ठी लिहून द्या. साध्या मराठीत, त्याला पटेल अशी. हा कांदा नाही, हा गारच ठेवायचा, देवाजवळसुद्धा नाही. आणि खाली तुमची सही करा."